तीन पाळ्यांची प्रार्थना: लेंटच्या चाळीस दिवसांतल्या नोंदी

5 मार्च 2025, राखेचा बुधवार. सकाळपाळी.

वॉर्डात आमच्याकडे एक नियम आहे: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. तोच नियम आजपासून प्रार्थनेला लावते आहे, म्हणून ही वही.

मी नगरला मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली. पाळ्या तीन: सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8. आठवडा-दोन आठवडे झाले की ड्यूटी लिस्ट बदलते. या सतरा वर्षांत माझी रोजची, एकटीची प्रार्थना सलग महिनाभरही टिकलेली नाही. रविवारी मंडळीत प्रार्थना असते, घरसभेत असते, कुणी आजारी असलं की आपसूक चार शब्द निघतात. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो तशी, खोलीत जाऊन, दार लावून, पित्याशी बोलायची, ती रोज होत नाही. आताशा ते फार टोचायला लागलंय.

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार सोडून, 40 दिवस. तेवढा हा प्रकल्प. रोज किमान 15 मिनिटं. वहीत तीनच गोष्टी: किती वाजता, कुठे, आणि मोडली तर कशानं मोडली. प्रार्थनेनं मला कसं वाटलं हे लिहायचं नाही, कारण ते लिहायला लागले की मी प्रार्थनेकडे नाही, स्वतःकडेच बघत बसते.

आज: पहाटे 5, स्वयंपाकघर, सासूबाईंसोबत, 20 मिनिटं.

6 मार्च, गुरुवार. सकाळपाळी.

पहाटे 5 ते 5.20. स्वयंपाकघर.

आईंची (सासूबाईंना मी आईच म्हणते) ही जागा चाळीस वर्षांची. ओट्याशेजारी बसकं स्टूल, भिंतीला टेकून पवित्र शास्त्र, वर कापडी पिशवीत ‘उपासना संगीत’. ते पुस्तक त्या उघडतच नाहीत, पदं तोंडपाठ आहेत. आधी नारायण वामन टिळकांचं एखादं पद हळू आवाजात, मग एक स्तोत्र, मग प्रार्थना. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षं याच नगरात राहून आमच्या मातीतल्या अभंगाच्या चालीत ख्रिस्ताची पदं लिहिली. आई ती म्हणतात तेव्हा एखादी बाई जात्यावर ओवी म्हणते आहे असंच वाटतं. प्रार्थनेत सगळ्या घराची नावं येतात, मग शेजाऱ्यांची, मग जिच्याशी गेल्या वर्षी भांडण झालं त्या चुलत जावेचंही येतं.

मुलीचा दहावीचा पेपर आहे, तिचं नाव आज दोनदा आलं.

8 मार्च, शनिवार. सकाळपाळी.

बसल्या बसल्या झोप लागली. आईंनी उठवलं नाही. चहा झाल्यावर म्हणाल्या, “देवानं झोपपण दिलीय गं, तीपण घे.” 5 ते 5.20 लिहायचं का? नाही लिहीत.

11 मार्च, मंगळवार. दुपारपाळी.

दुपारपाळी रात्री 8 ला सुटते. ओव्हर देऊन (पुढच्या पाळीच्या सिस्टरला एकेका पेशंटची माहिती देऊन वॉर्ड सोपवून) घरी येईपर्यंत पावणेनऊ, जेवणं, ओटा, मुलीची उजळणी, साडेअकरा. पहाटे 5 ला उठणं दोन दिवस जमेल, सहा दिवस नाही. म्हणून वेळ हलवली: दुपारी सव्वाबारा. हे कंपनीत, मुलगी पेपरला, आई आडव्या झालेल्या. काल आणि आज 25-25 मिनिटं मिळाली, खोलीचं दार लावून. स्तोत्र 63 सावकाश वाचलं. इतकं निवांत कधी बसले होते आठवत नाही.

12 मार्च, बुधवार. दुपारपाळी.

मोडली. सव्वाबाराला गॅसवाला. तो गेला तर नणंदेचा फोन, “तू घरीच आहेस ना आता?”

13 मार्च, गुरुवार. दुपारपाळी.

आजही मोडली. शेजारच्या काकूंना बीपी बघून हवा होता, “दुपारचीच असतेस ना.” नाही म्हणणं शक्यच नव्हतं, बीपी खरंच वाढलेला होता.

बाईच्या घरातला मोकळा वेळ हा सगळ्यांचा असतो. लोक वाईट आहेत असं नाही. मी त्या वेळाला नावच दिलेलं नाही, म्हणून तो त्यांना रिकामा दिसतो.

आणि संध्याकाळी वॉर्डात जे पाहिलं ते लिहायलाच हवं. रमजान चालू आहे. आमच्या वॉर्डातल्या मावशी रोजे धरतात, दिवसभर पाणीसुद्धा नाही, आणि त्याच अंगानं बेडपॅन, लादी, चादरी. पावणेसातच्या सुमाराला त्या लिनन रूममध्ये जातात. एक खजूर, दोन घोट पाणी, मग धुतलेली एक चादर अंथरून नमाज. मला आत मॅकिंटॉश (बेडवर घालायचं रबरी कापड) आणायला जावं लागलं, तेव्हा दार किलकिलं होतं. त्या कपाळ टेकून होत्या. बाहेर बेड 17 ची बेल वाजत होती. मी हलकेच दार ओढून घेतलं आणि 17 कडे स्वतः गेले. त्यांचं सगळं मिळून दहा मिनिटांत आटोपलं.

त्या वेळेत कुणी मावशींना हाक मारत नाही. ब्रदर (पुरुष नर्स), डॉक्टर, नातेवाईक, सगळे म्हणतात, “मावशी नमाजला गेल्यात, येतील.” कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मावशींनाही नाही. मी सतरा वर्षांत एकदा तरी वॉर्डात किंवा घरात म्हटलंय का, “मी प्रार्थनेला बसते आहे, दहा मिनिटं थांबा”? कधीच नाही. मी प्रार्थना नेहमी चोरून केली, लोकांना त्रास नको म्हणून. त्यामुळे ती असते हेच कुणाला माहीत नाही.

14 मार्च, शुक्रवार. धुळवड. दुपारपाळी.

निघण्याआधी घरात सांगितलं: सव्वाबारा ते साडेबारा मी प्रार्थनेत असते, फोन आला तर उचलू नका, कुणी आलं तर बसवून ठेवा. आईंनी मान डोलावली. मुलगी म्हणाली, “आणि माझा डबा?” “साडेबाराला.” एवढ्यावर प्रश्न मिटला.

15 मिनिटं झाली. मन मात्र सगळीकडे भटकून आलं.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या न्हाव्यानं, पेटरनं, त्याला विचारलं होतं की प्रार्थना कशी करावी. ल्यूथरनं 1535 साली त्याच्यासाठी एक लांबलचक पत्रच लिहून छापलं. त्यात म्हटलंय की प्रार्थना हे सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम असू दे, आणि ‘थोडं थांब, तासाभरानं करीन, आधी एवढं उरकू दे’ या विचारापासून जप, कारण ते एवढं कधी उरकत नाही. आणि मग न्हाव्याला न्हाव्याच्याच धंद्यातलं समजावतो: चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. गप्पा मारत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक कापायचा.

मला ते लगेच पटलं. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही तेव्हा मी कशी असते? पट्टा बांधला, बोटानं चाचपलं, शीर बोटाखाली सरकली, पुन्हा धरली. वॉर्डात काहीही चालू असू दे, त्या अर्ध्या मिनिटात मला बोटाखालच्या त्या दोरीशिवाय काही नसतं. म्हणजे एकाग्र होणं मला येत नाही असं नाही. रोज वीस वेळा येतं.

17 मार्च, सोमवार. रात्रपाळी सुरू.

मुलीचा शेवटचा पेपर झाला. देवाचे आभार. आजपासून सहा रात्री.

19 मार्च, बुधवार, पहाटे 3.10. नर्सिंग स्टेशन.

रात्रपाळीत 15 मिनिटं एका जागी बसायला मिळत नाहीत आणि सकाळी घरी गेल्यावर अंग उभं राहत नाही. म्हणून आज वेगळं करून पाहिलं. सिंकवर हात धुवायच्या पद्धतीचा तक्ता लावलाय: तळवे, बोटांच्या मधे, अंगठे, नखं. साबणानं नीट धुवायचं तर 40 ते 60 सेकंद लागतात. प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली, घाई न करता म्हटली तर बरोबर तेवढ्यात बसते. रात्रभरात वीस-बावीस वेळा तरी हात धुतले जातात. तेवढ्या वेळा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ झालं.

20 मार्च, गुरुवार, पहाटे 4.

दुसऱ्याच रात्री ती घड्याळ झाली. ‘आमेन’ आलं की नळ बंद. म्हणून बदल: एका धुण्याला त्या प्रार्थनेतली एकच विनंती, आणि ती समोरच्या पेशंटसाठी. बेड 6 ला तीन दिवसांनी आज पेज गेली, तिथून आल्यावर ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’. बेड 22 चा मुलगा रात्रभर बापाशी भांडतो आहे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’. हे बरं वाटलं, पण याला 15 मिनिटांच्या जागी धरायचं नाही. काही लोक म्हणतात, थेस्सलनीकाकरांस पत्रात ‘निरंतर प्रार्थना करा’ लिहिलंय, मग ठरलेली वेळ कशाला? माझा अनुभव उलटा आहे. ज्या आठवड्यात ठरलेली वेळ मोडते, त्या आठवड्यात ही निरंतर प्रार्थनाही आटते.

21 मार्च, शुक्रवार.

बेड 11 च्या आजी पहाटे 4.40 ला गेल्या. नोंद नाही.

26 मार्च, बुधवार. सकाळपाळी.

21 ते 25, वहीत काही नाही. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. खरंच केलं नाही.

आजींना चाळीस मिनिटं धरून होतो, डॉक्टर, मी आणि ब्रदर. नंतरचं काम माझं. नळ्या काढल्या, कोमट पाण्यानं अंग पुसलं, केस विंचरून एक वेणी घातली, कारण त्यांची मुलगी गावाहून यायची होती. हनुवटीला पट्टी, पायाचे अंगठे बांधले, चादर. हे मी शेकडो वेळा केलंय. त्या रात्री मात्र हात धुवायला सिंकवर गेले आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे तोंडातून निघेना. आजी आदल्या दिवशीच माझ्याकडे खारी मागत होत्या. नुसतं पाणी वाहत राहिलं.

मग 8 ला ओव्हर दिला, घरी आले, झोपले, परत गेले. दुसऱ्या रात्रीही सिंकवर काही नाही. सुट्टीचे दोन दिवस आईंच्या शेजारी बसायलाही गेले नाही. काल त्यांनी मला काही विचारलं नाही, नेहमीच्या प्रार्थनेत फक्त म्हणाल्या, “आणि तिच्या वॉर्डातल्या त्या आजीच्या लेकीला सांभाळ.” मी त्यांना सांगितलंच नव्हतं, यांनी सांगितलं असणार.

आज पहाटे 5 ते 5.15, स्टुलाशेजारी. एक शब्द बोलले नाही. मोजते आहे.

28 मार्च, शुक्रवार. सकाळपाळी.

मार्क, अध्याय 1. प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे वचन ‘लवकर उठा’ म्हणून आम्हाला लहानपणापासून ऐकवलं. आज आदली संध्याकाळ वाचली. कफर्णहूम. दिवसा सभास्थान, मग शिष्य पेत्राच्या सासूचा ताप, आणि सूर्य मावळल्यावर अख्खं गाव दाराशी, सगळे आजारी घेऊन. माझ्या भाषेत सांगायचं तर कॅज्युअल्टी भरलेली. अशा रात्रीनंतर माणूस झोपेल. तो उठून गेला. आणि पेत्र शोधत आला, “सगळे तुला शोधताहेत.” पेशंट वाट बघत होते, म्हणजे काम संपलेलं नव्हतं. काम शिल्लक असतानाच तो गेला होता, आणि परत त्या दाराशी न जाता पुढच्या गावांकडे निघाला.

मी आजवर काम संपायची वाट बघत होते. हॉस्पिटलमधलं काम संपत नाही, ते फक्त पुढच्या पाळीकडे जातं.

1 एप्रिल, मंगळवार. सकाळपाळी.

मावशींनी ईदचा शीरखुर्मा आणला. त्यांना विचारलं, आता लिनन रूममध्ये जाणार नाही का? “का नाही? रोजे संपले, नमाज कुठं संपली?”

3 एप्रिल, गुरुवार. सकाळपाळी.

आज काहीतरी हाताला लागलंय असं वाटतं.

महिनाभर मी घड्याळात वेळ शोधत होते: 5, सव्वाबारा, पहाटे 3. पाळी बदलली की प्रत्येक वेळ कोसळली. पण तिन्ही पाळ्यांत एक गोष्ट बदलत नाही: ओव्हर. युनिफॉर्म चढवायचा, पाऊण तास असो की पाव तास, पहिल्या सिस्टरकडून बेड 1 पासून बेड 28 पर्यंत सगळं ऐकून घ्यायचं, सही करायची, मग वॉर्ड माझा. जाताना तसंच उलटं. प्रार्थना टांगायची खुंटी तिथे आधीपासून ठोकलेली आहे.

पहिल्या मंडळीनंही असंच केलेलं दिसतं. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी (दुपारी तीनला) प्रार्थनेच्या वेळी मंदिरात चढून जातात, पेत्र दुपारी बाराला गच्चीवर जातो. पहिल्या शतकांतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की दिवसाचा तिसरा, सहावा आणि नववा तास (सकाळी 9, दुपारी 12 आणि 3) हे तसेही दिवसाचे भाग पाडणारे, सगळ्यांना ठाऊक असलेले तास होते. बाजाराला, कचेरीला जे तास, तेच प्रार्थनेला.

ठरलं: ड्यूटीला 20 मिनिटं आधी पोचायचं. चेंजिंग रूममध्ये खिडकीजवळचा बाक. प्रार्थना झाल्यावर ओव्हर. ड्यूटी संपल्यावर पुन्हा त्याच बाकावर पाच मिनिटं. बरोबरच्या सिस्टरना सांगून टाकलं. एक जण म्हणाली, “आमच्यासाठीपण करा.” म्हणजे आता चुकवता येणार नाही.

5 एप्रिल, शनिवार. सकाळपाळी.

7.25 ते 7.42, बाक. ड्यूटीनंतर 2.20 ते 2.30.

ड्यूटीनंतरच्या प्रार्थनेत काय बोलायचं ते सापडत नव्हतं. मग सिस्टरला देते तसाच ओव्हर देवाला दिला, तोंडानं, हळू आवाजात:

“बापा, बेड 4, शुगर उतरली, पण बाई रडते आहे, घरी न्यायला कुणी येत नाही. बेड 9, ऑक्सिजनवर, रात्री लक्ष ठेव. बेड 13 वर मी ओरडले, त्यांनी तिसऱ्यांदा सलाईन ओढलं म्हणून. ते चुकलं, क्षमा कर. बेड 20, रिपोर्ट वाईट आहे, अजून त्याला सांगितलेलं नाही. बेड 26 आज पायानं घरी गेले, तुझी स्तुती असो. राहिलेलं काम: माझ्याच्यानं झालं नाही ते सगळं.”

आभार, पापकबुली, मागणं, सगळं त्यात आपोआप आलं. मुख्य म्हणजे ओव्हर दिल्यावर वॉर्ड आपला राहत नाही. सिस्टरला देऊन मी घरी जायचे, पण मनानं वॉर्ड घेऊनच जायचे. आज स्कूटरवर बेड 9 आठवला तेव्हा मनात आलं, दिलाय ना.

8 एप्रिल, मंगळवार. दुपारपाळी.

दुपारी 1.20 ते 1.38. पाळी बदलूनही मोडली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

11 एप्रिल, शुक्रवार. दुपारपाळी.

मोडली. एकाच वेळी दोन ॲडमिशन, मला लवकर बोलावून घेतलं, बाकापर्यंत पोचलेच नाही. रात्री सव्वाआठला पाच मिनिटं, तीही उभ्यानं. लिहून ठेवते.

13 एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

सुट्टी मागून घेतली. मंडळीत मुलांच्या हातात झावळ्या, आईंनी माझ्यासाठीही एक आणली. पाळकसाहेबांनी रोजच्या प्रार्थनेवर साक्ष द्याल का विचारलं. नाही म्हटलं. अजून वही पुरी झालेली नाही.

18 एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). रात्रपाळी.

सकाळी 8 ला सुटले, बाकावर ओव्हर दिला, घरी येऊन दोन तास झोप, बारा ते तीन उपासना. वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यापर्यंत जागी होते. पाचव्याला डोकं आईंच्या खांद्यावर. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना एक तास जागं राहता आलं नाही, त्यांना प्रभू रागावला तरी म्हणाला की आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे. आईंनी पदर माझ्या डोळ्यांवर ओढला, उजेड लागू नये म्हणून. जाग आली तेव्हा सातवा उद्गार चालू होता: “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.” सोपवून देणं. मी रोज जो शब्द वापरते तो.

20 एप्रिल, ईस्टर. पहाटे 5.30, वॉर्ड.

पहाटेच्या उपासनेला घरचे सगळे गेले असतील. मी रात्रपाळीत. रात्री साडेसातला बाकावर बसून आले होते.

आत्ता सगळे झोपलेत. बेड 11 च्या खिडकीतून कॉटेजेसच्या मागे उजाडतंय. त्या बेडवर आता एक तरुण मुलगी आहे, डेंग्यूची, प्लेटलेट वाढताहेत.

मार्क 16 उघडला. तीन बाया, आठवड्याच्या पहिल्या दिवशी अगदी पहाटे, सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या. पुनरुत्थान बघायला निघाल्या नव्हत्या. एका मृत देहाचं राहिलेलं काम करायला निघाल्या होत्या. धोंड कोण लोटणार एवढीच चिंता. कोमट पाणी, कंगवा, पट्टी, चादर. मला माहीत आहे ते काम. त्यांना तिथे कळलं की तो उठला आहे.

बेड 11 च्या आजींचं नाव मी 21 मार्चनंतर आज पहिल्यांदा प्रार्थनेत घेतलं. वेणी घातली होती हेही देवाला सांगितलं.

मुलगी जागी झाली, पाणी मागते आहे.

22 एप्रिल, मंगळवार. सकाळपाळी.

वही मोजली. 40 दिवसांत 27 वेळा झाली, 13 वेळा मोडली. मोडलेल्यांतल्या फक्त दोन 3 एप्रिलनंतरच्या.

नवी लिस्ट लागली. पुढच्या आठवड्यात दुपारपाळी, त्यानंतर रात्र. आज 7.24 ला बाकावर पोचले तर ती ‘आमच्यासाठीपण करा’ म्हणणारी सिस्टर आधीच बसलेली होती. सरकून तिनं जागा केली.